दोनाचा एकतिसावा घात, वजा एक

दोनाचा एकतिसावा घात काढा आणि त्यातून एक वजा करा. उत्तर येतं २,१४,७४,८३,६४७. ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः सोडून तिला दुसऱ्या कशानेही निःशेष भाग जात नाही. दृष्टी जवळजवळ गेलेली असताना गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी १७७२ साली हे दाखवून दिलं. भाजक असलाच, तर एक तरी ४६,३४१ च्या आत हवा. आणि सर्वांत सुंदर भाग पुढेच आहे: अशा मूळ भाजकाला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरायला हवी! त्यामुळे हजारो भागाकार वाचले. उरलेल्यांपैकी एकानेही भाग गेला नाही. आज संगणकात ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकांची कमाल मर्यादा हीच संख्या आहे.