हळद डब्यातली आणि बाटलीतली

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत केलेले भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा संध्याकाळी बाकावर विषय असायचे टँकरचे आणि मुलांच्या ॲडमिशनचे. आता असतात गुडघ्यांचे आणि साखरेचे. मग कुणीतरी खिशातून बाटली काढतं. "घेऊन बघा, हळदीचा अर्क आहे. झाडपाल्याचं, अपाय काही नाही." मी डॉक्टर नाही. पण आयुष्यभर बँकेत कर्जाचे कागद तपासले, ती सवय सुटत नाही. म्हणून या बाटलीचेही कागद तपासले.

वनस्पतीत औषध असतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. आपल्याच मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन काय फरक पडतो ते पाहिलं आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं. १९५२ मध्ये त्या मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं गेलं आणि ते जगभर वापरलं गेलं. पुढे रुग्णांच्या नैराश्याच्या तक्रारी आल्या, जास्त सुरक्षित गोळ्या आल्या आणि ते मागे पडलं. आपल्यापैकी बरेच जण घेतात त्या मेटफॉर्मिनचं मूळही गॅलेगा नावाच्या एका युरोपीय झुडपाशी जातं. म्हणजे झाडपाला असो वा कारखान्यातली गोळी, तपासणी दोघांचीही झाली पाहिजे.

आता हळद. तिच्यातलं करक्युमिन हे द्रव्य साधारण ३ टक्के असतं. कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची आणि त्यात ९५ टक्के करक्युमिन असेल, तर हिशोब करा, एक कॅप्सूल म्हणजे सुमारे १६ ग्रॅम हळद झाली. आपण वरणात चिमूटभर घालतो! शिवाय करक्युमिन पोटातून रक्तात फारच थोडं उतरतं. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांना दिसलं की, मिरीतलं पिपरिन सोबत दिलं तर ते वीसपट उतरतं. म्हणून बऱ्याच कॅप्सुलांत पिपरिन घालतात. तेव्हा "आमची आजी रोज हळदीचं दूध प्यायची, नव्वद वर्षं जगली" ही साक्ष या बाटलीला लागू पडत नाही. आजीने हे घेतलंच नव्हतं.

जमेची बाजूही सांगतो. २०१४ साली थायलंडमध्ये गुडघेदुखीच्या ३६७ रुग्णांवर चाचणी झाली. काहींना हळदीचा अर्क, काहींना आयबुप्रोफेन. चार आठवड्यांनी आराम जवळपास सारखा आणि अर्कवाल्यांच्या पोटाच्या तक्रारी कमी. हे मला महत्त्वाचं वाटतं. पण चारच आठवडे, आणि नुसती खोटी गोळी दिलेला तिसरा गट नव्हता. गुडघा आपणहूनही कधी बरा, कधी वाईट असतो, हे इथे कुणाला सांगायला नको. २०१७ साली जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीने करक्युमिनचा सगळा आढावा घेतला. तोवर १२० च्या वर चाचण्या झाल्या होत्या. कुणाला खरी गोळी, कुणाला खोटी, हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही न कळू देता केलेली एकही चाचणी यशस्वी ठरलेली नाही, असं त्यांनी लिहिलं.

"बरं, उपयोग नाही तर नाही, अपाय तर नाही ना?" तेही खरं नाही. अमेरिकेत यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांचा अहवाल २०२२ मध्ये आला. कारण हळदीच्या गोळ्या. पाच जणांना दाखल करावं लागलं, एक दगावला. घेणारे लाखो, त्यात दहा म्हणजे थोडेच. पण ज्याचं यकृत गेलं त्याचं शंभर टक्के गेलं. शिवाय पिपरिन फक्त करक्युमिनलाच वाट करून देत नाही, फिट्सवरच्या फेनिटॉइनसारख्या औषधाचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

मला खरी काळजी वेगळीच आहे. आपल्यातल्याच एकांनी अर्क सुरू केला आणि साखरेची गोळी परस्पर बंद केली. तीन महिन्यांची सरासरी साडेनऊवर गेली. नाव सांगत नाही, ते समोरच बसून हसताहेत. आता गोळी परत सुरू झाली आहे, हे सूनबाईंनी मला सांगितलं. आणि डॉक्टरांना हे कुणी सांगत नाही, कारण "ते काय औषध थोडंच आहे!" फूड सप्लिमेंट म्हणून विकलेल्या बाटलीवर तसं छापलेलंही असतं. एफएसएसएआयच्या नियमाने "नॉट फॉर मेडिसिनल यूज" लिहावंच लागतं, फक्त अक्षर इतकं बारीक की आपल्या वयाला दिसत नाही.

तर येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात भिंग घेऊन बसणार आहे. घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, काढे घेऊन या. घ्या की नका घेऊ, हे मी सांगणार नाही. कशात काय आणि किती आहे ते एका कागदावर उतरवून देईन. तो कागद पुढच्या खेपेला आपापल्या डॉक्टरांसमोर ठेवा. चहाची व्यवस्था सेक्रेटरी साहेबांनी मान्य केली आहे.