घराण्याचा वारसा आणि मनाचा आजार



सोयरीक ठरविताना दोन्ही घराण्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी होते. मधुमेह, रक्तदाब यांविषयीही आता मोकळेपणाने बोलले जाते. परंतु कुळात कोणास मनाचा आजार असेल, तर तेवढे एक पान मिटून ठेवले जाते. ते पान उघडणे का आवश्यक आहे, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

मनोविकारांपैकी एक म्हणजे द्विध्रुवीय विकार. डॉक्टर त्यास बायपोलर डिसऑर्डर म्हणतात. उन्मादाच्या काळात रुग्णास झोपेची गरज भासत नाही, बोलणे थांबत नाही, हात सैल होतो आणि नफा-तोट्याचे भान सुटून भलतेच सौदे केले जातात. पुढे केव्हातरी खिन्नतेचा काळ येतो; अंथरुणातून उठणेही जड होते. मधल्या काळात तोच मनुष्य बव्हंशी पूर्ववत असतो. आजार बहुधा ऐन तारुण्यात प्रकट होतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार दर हजार प्रौढांमागे सुमारे पाच जणांना आयुष्यात केव्हातरी तो होतो आणि सुमारे ७० टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित राहतात. यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २७ लाखांहून अधिक होती. हे प्रमाण धरल्यास जिल्ह्यातील हजारो घरांचा हा प्रश्न आहे.

या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून माणसामाणसांतील या आजाराच्या प्रवृत्तीच्या फरकापैकी सुमारे ६० ते ८० टक्के भाग आनुवंशिक मानला जातो. मात्र त्यास कारणीभूत असे एकच जनुक नाही. २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सुमारे १ लाख ५८ हजार रुग्ण आणि २८ लाख अन्य व्यक्ती यांची तुलना करण्यात आली. त्यातून आजाराशी निगडित अशी २९८ जनुकीय स्थाने आढळली. प्रत्येक स्थानावरील फरक धोका अगदी किंचित वाढवितो. एका धाग्याने वस्त्र विणले जात नाही, तसेच हे आहे. म्हणूनच रक्ताची जनुकीय तपासणी करून या आजाराचे निदान करता येत नाही. शिवाय त्या संशोधनातील रुग्ण युरोपीय, पूर्व आशियाई, आफ्रिकी-अमेरिकी व लॅटिन अमेरिकी वंशांचे होते. भारतात बेंगळूरूच्या निम्हान्स संस्थेने, एकाहून अधिक सदस्य आजारी असलेल्या कुटुंबांचा दीर्घ अभ्यास हाती घेतला आहे.

एकसारख्या जुळ्यांपैकी एकास आजार असूनही दुसरा अनेकदा निरोगी राहतो. माता किंवा पिता यांपैकी एक रुग्ण असल्यास शंभरातील सुमारे पाच ते दहा अपत्यांना हा आजार होतो. उरलेली नव्वद वा अधिक त्यापासून दूर राहतात. जैन दर्शनातील उपादान आणि निमित्त यांचा दृष्टांत येथे उपयोगी पडतो. अंगभूत प्रवृत्ती असली, तरी निद्रानाश, तीव्र ताण, व्यसन अशी निमित्ते तिला जागवितात. अर्थात हा केवळ दृष्टांत आहे. जनुक म्हणजेच कर्म, असे समीकरण मांडू नये. ‘सारे रक्तातच आहे’ हा एकांत, ‘सारे परिस्थितीने घडले’ हाही एकांत आणि ‘दोष रुग्णाचाच’ हा तर सर्वांत क्रूर एकांत.

आता त्या मिटलेल्या पानाकडे वळावे. पुष्कळदा रुग्ण प्रथम खिन्नतेच्या अवस्थेत डॉक्टरांकडे जातो. ‘घरात पूर्वी कोणास असा त्रास होता काय?’ या प्रश्नास ‘नाही’ असे उत्तर दिले जाते. डॉक्टर केवळ खिन्नतेवरील औषध देतात आणि अशा रुग्णास त्याने उन्मादाचा झटका येऊ शकतो. काका किंवा आत्या यांच्या आजाराविषयीचे एक खरे वाक्य हा अनर्थ टाळण्यास साहाय्य करू शकते. नातलगास कोणत्या औषधाने गुण आला, हेही डॉक्टरांना सांगावे.

१९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी लिथियमचा उपयोग दाखवून दिला. आजही ते प्रमुख औषध आहे. येथे व्रतस्थ कुटुंबांनी विशेष सावध राहावे. पाणी व मीठ कमी झाल्यास रक्तातील लिथियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. म्हणून पर्युषण वा दशलक्षण पर्वात निर्जल उपवास, अळणी आयंबिल किंवा रात्रभर जागरण करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. औषध परस्पर बंद करू नये. सूर्यास्तानंतर काही न घेण्याचा नियम असल्यास औषधाच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

यवतमाळ येथे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. २०२२ पासून टेली-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला देते.

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजाने एक संकल्प करावा. संवत्सरीला सर्व जीवांची क्षमा मागितली जाते. त्या दिवशी ज्यांना कधी ‘वेडा’ म्हणून हिणविले, लग्नकार्यात मागच्या खोलीत बसविले, त्यांचीही नाव घेऊन क्षमा मागावी. पान उघडण्याचा प्रारंभ तेथूनच होईल.

जय जिनेंद्र.