गजालीला तिकीट लावणारा माणूस



सिंधुदुर्ग जिल्हा जन्माला आला तो १ मे १९८१ रोजी. त्याच्या सव्वा वर्ष आधी, फेब्रुवारी १९८० मध्ये, मुंबईत 'वस्त्रहरण' हे मालवणी नाटक रंगमंचावर आलं होतं. म्हणजे नकाशावर आमच्या जिल्ह्याची रेघ उमटण्याआधीच आमची बोली नाट्यगृहात पोचली होती. तिला तिथे नेऊन बसवणारा माणूस म्हणजे मच्छिंद्र कांबळी. आज त्यांच्याविषयी थोडं बोलणार आहे. 'नटसम्राट' म्हणून त्यांचं कौतुक पुष्कळ झालं. मला मात्र त्यांच्यातल्या निर्मात्याविषयी बोलायचंय.

कांबळी मालवणजवळच्या रेवंडी गावचे. जन्म ४ एप्रिल १९४७ चा. पुढे त्यांनी स्वतःची नाट्यसंस्था काढली, तिला गावच्या देवीचं नाव दिलं : भद्रकाली. मुंबईच्या नाट्यव्यवसायात उतरताना गाव असं पाटीवरच लिहून टाकलेलं.

आपल्याकडे मंडळीचा मालक ही काही नवी गोष्ट नाही. दशावतार ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे. कार्तिकापासून जत्रांचा हंगाम सुरू झाला की पेटारा घेऊन मंडळी गावोगाव निघते. वालावलकर, मोचेमाडकर, पारसेकर ही अशाच मंडळींची नावं. रात्रभर खेळ चालतो. लिहिलेली संहिता नसते, कथानक ठरलं की संवाद नटानं आपल्या हुशारीवर रचायचे. स्त्रीभूमिका पुरुषच करतात. पेटी, मृदंग आणि झांज एवढ्यावर सगळा स्वर्ग-पाताळ उभा राहतो.

गंगाराम गवाणकरांनी 'वस्त्रहरण'मध्ये हाच कोकणातला नाटकवेडेपणा घेतला. गवाणकर राजापूर तालुक्यातल्या माडबनचे. या नाटकाचा आधीचा अवतार 'आज काय नाटक होवचा नाय' या नावाचा होता. गावातली पोरं महाभारतातला प्रवेश बसवायला निघतात, आधी तालमींचा गोंधळ आणि मग प्रत्यक्ष प्रयोगाचा त्याहून मोठा गोंधळ. त्यात तात्या सरपंच झाले कांबळी. संहिता लिहिलेली असली तरी प्रयोगात उत्स्फूर्त भर पडत राहायची. आदल्या आठवड्यातली बातमी पुढच्या प्रयोगात तात्यांच्या तोंडी यायची. दशावतारी नटाची ही जुनी सवय मुंबईच्या व्यावसायिक नाटकात अशी कामाला आली.

सुरुवातीचे दिवस ओढाताणीचे होते. मग पु. ल. देशपांड्यांनी नाटक पाहिलं आणि मनापासून दाद देणारं पत्र लिहिलं. त्या पत्रामुळे एरवी मालवणी नाटकाकडे न फिरकणारा प्रेक्षकही आला. पण एका पत्रावर ५ हजारांहून अधिक प्रयोग होत नाहीत. त्यासाठी नाट्यगृहाच्या तारखा मिळवाव्या लागतात, जाहिरात द्यावी लागते, मोठा नटसंच सांभाळावा लागतो, बस वेळेवर सुटते की नाही ते पाहावं लागतं. आणि हे सगळं आटोपून तिसऱ्या घंटेला स्वतः तोंडाला रंग लावून उभं राहायचं! नाटक पुढे थेट लंडनपर्यंत गेलं.

त्या काळाचाही विचार करा. त्यांचा पहिला हक्काचा प्रेक्षक म्हणजे लालबाग-परळचा चाकरमानी. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि त्यातले पुष्कळ पुन्हा गिरणीत परतलेच नाहीत. आमच्याकडच्या किती घरांतली मनिऑर्डर त्या वर्षी थांबली! अशा दिवसांत या माणसांना आपलं गाव, आपल्या शिव्या, आपला सरपंच दोन-तीन तास समोर दिसत होता.

आता कोणी म्हणेल, यात मालवणी माणसाची थट्टाच होती. मला तसं वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. मी बी.ए.ला शहरातल्या एका कॉलेजात होतो. आमच्या घरी मालवणीच, तिच्यात उर्दू शब्द मिसळलेले. अम्मी 'जरा सबर कर, मेल्या' म्हणायची. तेच माझ्या तोंडी. वर्गात 'खंय' निघून गेलं की मागच्या बाकापर्यंत हशा पिकायचा. तो हशा मला ठाऊक आहे. त्यात हसणारा एका बाजूला आणि बोलणारा दुसऱ्या बाजूला असतो. 'वस्त्रहरण'च्या नाट्यगृहात मंचावरचा गाववाला आणि पुढ्यातला तिकीट काढून बसलेला गाववाला एकच होता. नंतर पुण्याचे प्रेक्षक आले, तेही त्याच्या शेजारी बसून हसायला शिकले.

निर्माता म्हणून कांबळींचं मोठेपण मला इथे दिसतं. त्याआधी मराठी नाटकात बोली यायची ती बहुधा गड्याच्या नाहीतर रामाच्या तोंडी, चहाचा ट्रे घेऊन. कांबळींनी तिला नायकाच्या खुर्चीत बसवलं आणि पैसे मोजून ऐकण्याची वस्तू केली. पारावरच्या गजालीला तिकीट लावलं!

एक उणीव मात्र सांगायला हवी. या यशामुळे मालवणी म्हणजे विनोद असं समीकरण पक्कं झालं. आमच्या बोलीत माणसं रडतातही, कर्जाची बोलणी करतात, मयताला जातात. ते सगळं मंचावर यायला उशीर झाला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'रात्रीस खेळ चाले' मालिकेत मालवणीनं घराघरात लोकांना घाबरवलं, तेव्हा मला बरं वाटलं.

३० सप्टेंबर २००७ रोजी कांबळी गेले, वयाच्या साठाव्या वर्षी. 'भद्रकाली' मात्र थांबली नाही. २०१७ मध्ये याच संस्थेनं 'संगीत देवबाभळी'सारखं गंभीर नाटक रंगमंचावर आणलं.

मध्यंतरी एका संपादकांनी माझी मालवणी कविता स्वीकारली, पण खाली कठीण शब्दांचे अर्थ द्या म्हणाले. मी तात्या सरपंचांची आठवण केली. त्यांनी कधी प्रयोग थांबवून 'खंय'चा अर्थ सांगितला नव्हता. मी संपादकांना कळवलं, कविता अशीच छापा, नाहीतर परत पाठवा. ती परत आली. हरकत नाही. दुसरीकडे पाठवली आहे.