तीन आठवड्यांचे पाहुणे
(सहाय्यकांच्या मेळाव्यात आमच्या एका प्राथमिक शिक्षिकेने केलेले भाषण)



मी डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर शिकवते. गेल्या जानेवारीत स्कॉटलंडहून सहा विद्यार्थी आमच्या शाळेत मदतीला आले आणि तीन आठवडे राहिले. शाळा संपलेली, कॉलेज सुरू व्हायचं, वयं अठरा-एकोणीस. त्यांच्या राहण्या-जेवणासाठी तुमच्यापैकी अनेकांनी हातभार लावला. त्याचं काय झालं, ते सांगायला उभी आहे.

पहिल्याच दिवशी त्यांनी हजेरीपट पाहून विचारलं, "नावं एवढी, मग मुलं कुठे आहेत?" मी म्हटलं, वीटभट्टीवर. भातकापणी आणि दिवाळी झाली की पाड्यावर काम उरत नाही. वारली कुटुंबं भिवंडी-वसईकडे भट्टीवर जातात, ती पाऊस तोंडावर आला की परततात. धाकट्या भावंडाला सांभाळायला शाळेतली मुलगीही बरोबर जाते.

खरं सांगते, पहिला आठवडा वाया गेला, आणि चूक माझी होती. पाहुणे आले म्हणून मी रोज स्वागतगीतं बसवली. वाचन, पाढे बाजूला राहिले. पाहुण्यांनी चॉकलेटं वाटली. चौथ्या दिवशी मुलं फळ्याऐवजी त्यांच्या पिशव्यांकडे बघू लागली. त्यांनी आणलेल्या अक्षरांच्या तक्त्यावर बर्फाचं घर होतं. आमच्या मुलांना त्याचं काय सांगणार?

शनिवारी मी त्यांना बसवून स्पष्ट सांगितलं, "चॉकलेटं बंद. विचारल्याशिवाय फोटो नाही. सोमवारपासून तुम्ही पहिलीत, मुलांच्या रांगेत बसायचं."

ती बसली. आमची मुलं त्यांना वस्तूंची नावं वारलीत शिकवू लागली. संध्याकाळी एकजण म्हणाला, "मला दिवसभर काही कळलं नाही. शेवटी मी बोलायचंच सोडलं."

मला चटका बसला. घरी वारली बोलणारं मूल माझ्या पुस्तकी मराठीपुढे कित्येक महिने असंच गप्प बसतं, आणि त्यालाच मी मंद म्हणत आले होते.

मग खरं काम सुरू झालं. मुलांनी तारपा, मोहाचं फूल, खेकडा, चिकू अशी चित्रं काढली. पाहुण्यांनी ती मोठ्या कागदावर उतरवली. मुलांनी सांगितलेला वारली शब्द आणि त्याखाली मराठी शब्द मी लिहिला. ते तक्ते आजही भिंतीवर आहेत आणि मुलं त्यांवरून वाचतात.

यात नवीन काही नाही. आमच्याच तालुक्यात बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम सुरू केलं. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणावरच शाळा भरवली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाकडे जावं, हे त्यांनी दाखवलं होतं. मीच ते विसरले होते.

निघताना एका मुलीनं कागदावर हिशेब मांडला. सहा जणांचं विमानभाडं साधारण तीन लाख साठ हजार. दरमहा सहा हजार मानधन धरलं, तर तेवढ्यात पाड्यावरची एक मुलगी पाच वर्षं वर्गात राहिली असती. तिनं विचारलं, "मग आम्ही यायला नको होतं का?"

मी लगेच उत्तर देऊ शकले नाही. आज देते. यावं, पण आधी शिकायला यावं. आणि पाहुणे गेल्यावर जी थांबते, तिची सोय आधी व्हावी.

बारावी झालेली एक वारली मुलगी जूनपासून माझ्याबरोबर पहिलीला बसते. ती बोलली की मुलं बोलतात. तिचं सहा महिन्यांचं मानधन एका मंडळीच्या महिलांनी दिलं आहे. ते नोव्हेंबरात संपेल. दिवाळीनंतर आईबाप भट्टीवर गेले, तरी बारा मुलं आजीजवळ थांबायला तयार आहेत. आजीची अट एकच: संध्याकाळचं जेवण शाळेनं द्यावं.

पुढच्या जानेवारीतही पाहुणे येणार आहेत. त्यांनी हजेरी घेतली, तर या बारा नावांना "हजर" ऐकू यावं, एवढंच मागते. यासाठी प्रार्थना करा, आणि जमेल तो वाटा उचला.