रंग, जात आणि पारख



कोंबडीसारखा विषय या व्यासपीठावर कशाला, असे काहींना वाटेल. परंतु साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या बाजारात ‘गावरान’ या एका शब्दासाठी आपण पदरचे चार पैसे जास्त मोजतो. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

शुद्ध जात कशाला म्हणावे? जिची पिल्ले पिढ्यान्‌पिढ्या आईबापांसारखीच निपजतात, तिला. या अर्थाने आपली गावरान कोंबडी शुद्ध जात नव्हेच. एकाच डालग्याखाली तांबडी, काळी, कबरी अशी सारी भावंडे निघतात. तिची ओळख रंगात नसून वागण्यात आहे. ती खुडूक बसते, स्वतः अंडी उबवते, पिल्ले घेऊन उकिरड्यावर पोट भरते.

याउलट बंगळूरची गिरिराजा आणि हैदराबादची वनराजा हे वाण संशोधकांनी मुद्दाम संकराने घडविले. पिसे रंगीत, अंगकाठी दणकट, वाढ झपाट्याची आणि अंडीही गावरानपेक्षा जास्त. खुडूक बसण्याची सवय मात्र त्यांच्यात फारशी उरलेली नाही. हे वाण वाईट नव्हेत. ते गावरान म्हणून विकणे वाईट. एकाच वयाची, एकाच मापाची, जाड पायांची पन्नास कोंबडी एकत्र दिसली, तर ती उबवणी केंद्रातून आली असावीत असा संशय घ्यावा. तांबूस कवचावर तर मुळीच विसंबू नये. पिंजऱ्यातल्या संकरित कोंबड्याही तांबूस अंडी घालतात. अशा संकरांची अंडी घरी उबविली, तर पिल्ले आईसारखीच होतील याची खात्री नाही.

आता कडकनाथ. हा झाबुआकडच्या भिल्ल-भिलालांचा पक्षी. त्याच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तुरा, जीभ, कातडी, नख्या, सारे काळे. अंडे मात्र काळे नसते, फिकट तपकिरी असते. ‘काळे अंडे’ विकणारा भेटला तर तेथूनच परतावे. पण काळेपणा हाही पुरा पुरावा नव्हे. तो आणणारा मुख्य गुण प्रभावी असल्यामुळे संकराच्या पहिल्या पिढीतही बराच काळेपणा उतरू शकतो. अशी संकरित जोडी आपापसात लावली, की पुढच्या पिल्लांत काही काळी, काही अर्धवट, काही उजळ निघतात. म्हणजे खरी साक्ष पक्षी देत नाही, त्याची पिल्ले देतात. आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात!

हे का सांगतो? २०१९ साली, आज ईश्वरपूर म्हणतात त्या इस्लामपुरातून, कडकनाथ पाळा, पक्षी आणि अंडी चढ्या भावाने परत घेऊ, अशा बोलीवर शेतकऱ्यांकडून पैसे घेतले गेले. व्यवहार कोसळला, गुन्हे नोंदले गेले, आणि शेतकऱ्यांच्या गळ्यात उरले खाणारे पक्षी. तेथे फसवणूक वाणाची नव्हती, भावाची होती. पण मूळ एकच. नावाला किंमत चढली, की वस्तूकडे पाहायचे आपण सोडून देतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. पाळणाऱ्याने पिल्ले घेताना त्यांचे आईबाप पाहावेत, केंद्राची लेखी नोंद मागावी. खाणाऱ्याने संकर संकराच्या भावाने घ्यावा. आणि ज्या घरी अजून खुडूक बसणारी कोंबडी आहे, त्यांनी ती मोडू नये. एकदा संकरात विरघळलेले वाण बाजारातून परत आणता येत नाही.