‘इन्डायरेक्टली’ म्हणजे नेमके कसे?



एका क्रियाविशेषणामुळे माझा एक जुना स्नेह काही काळ दुरावला. त्या शब्दाची हकीकत आज सांगतो.

इंदूरच्या आम्हा मराठी माणसांचे एक पाऊल नेहमी हिंदीत असते. काही वर्षांपूर्वी एका बैठकीच्या वृत्तांतात मी लिहिले, ‘बाईंनी या निवडीविषयीची नाराजी परोक्षपणे व्यक्त केली.’ माझ्या मनात इंग्रजी ‘इन्डायरेक्टली’ होते. बाई सर्वांसमक्ष बोलल्या होत्या, फक्त कोणाचे नाव न घेता. पण त्या पुण्यात वाढलेल्या. आपण पाठीमागे बोललो असे मी लिहिले आहे, असा अर्थ त्यांनी घेतला. “अरे, मी समोर बोलले होते,” एवढेच त्या म्हणाल्या. नंतर वर्षभर आमचे बोलणे कामापुरते राहिले.

चूक माझीच होती. ‘अक्षि’ म्हणजे डोळा. डोळ्यांसमोरचे ते प्रत्यक्ष, डोळ्यांआडचे ते परोक्ष. संस्कृत व्याकरणात बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या भूतकाळालाही ‘परोक्ष’ म्हणतात. मराठीने हा अर्थ जपला. ‘माझ्या परोक्ष’ म्हणजे मी हजर नसताना. हिंदीत मात्र ‘परोक्ष रूप से’ म्हणजे इन्डायरेक्टली. शब्द एकच, पण एका भाषेत निरुपद्रवी आणि दुसरीत आरोप.

मग मराठीत काय म्हणावे? ‘अप्रत्यक्षपणे’ हा शब्द आहेच. ‘अप्रत्यक्ष करा’ला तो शोभतो. पण इंग्रजी शब्द एकट्याने जी कामे करतो, ती आपल्याकडे वाटून दिलेली आहेत. एका गोष्टीतून दुसरी उद्भवली तर ‘पर्यायाने’: पाऊस लांबला, पर्यायाने भाजी महागली. बातमी तिसऱ्याकडून आली तर ‘कानावर आले’. आणि बोलण्याचा प्रश्न असेल तर किती छटा! आडून बोलणारा स्वतः लपतो. आडवळणाने बोलणारा लांबच्या रस्त्याने मुद्द्यावर येतो. सूचकपणे बोलणारा ऐकणाऱ्याच्या समजुतीवर विश्वास टाकतो. ‘लेकी बोले सुने लागे’ यात तर बोलणे एकीला आणि लागणे दुसरीला. या चौघांची नीती वेगवेगळी आहे. ‘इन्डायरेक्टली’ म्हटले की ती दिसेनाशी होते.

न सांगता सांगण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त सूचित अर्थालाच काव्याचा आत्मा मानले, कुंतकाने पुढे वक्रोक्तीला ते स्थान दिले. ज्या परंपरेने वाकड्या वाटेचा एवढा अभ्यास केला, तिच्या वारसांनी एकाच उसन्या शब्दावर भागवावे, याची खंत वाटते.

इंग्रजी शब्द वापरूच नका, असे मी म्हणत नाही. वर्गात मीही वापरतो. विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो, की ‘इन्डायरेक्टली’ लिहिण्याआधी स्वतःला विचारा: मध्ये काय आहे? कारण आहे, माणूस आहे, संकोच आहे की भीती? उत्तर मिळाले की मराठी शब्द आपोआप सापडतो.

पुढच्या वृत्तांतात मी दुरुस्ती दिली: ‘परोक्षपणे’ऐवजी ‘नाव न घेता’ असे वाचावे. बाईंनी ती वाचली आणि दुसऱ्या दिवशी चहाला बोलावले. सूचकपणे नव्हे, सरळ.