गळ्यातील लहानशी ग्रंथी



मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. तरीही अंतःस्रावी ग्रंथींवर बोलायला उभा आहे, त्याचे कारण घरातले आहे. माझ्या धाकट्या बहिणीला आम्ही दोन वर्षे आळशी म्हणत होतो. ती दिवसभर पेंगत असे, चेहरा सुजल्यासारखा दिसे, उन्हाळ्यातही चादर ओढून निजे. आवाज घोगरा झाला, पाळी बिघडली. शेजारच्या बाईंनी अंगारा आणून दिला. मी स्वतः तिला ‘कामचुकार’ म्हणालो. तो शब्द मला आजही बोचतो. शेवटी एका डॉक्टरांनी रक्त तपासायला लावले, तेव्हा कळले की दोष स्वभावात नसून थायरॉइडमध्ये आहे.

लाळेची ग्रंथी आपला रस नळीवाटे तोंडात सोडते. अंतःस्रावी ग्रंथींना नळी नसते. त्या आपली संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, थेट रक्तात सोडतात. पिच्युटरी, थायरॉइड, अॅड्रिनल, स्त्रीचे बीजकोश, पुरुषाचे वृषण ही त्यांतली काही नावे. स्वादुपिंडाचे इन्सुलिन कमी पडले, किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले, की मधुमेह होतो. त्यावर स्वतंत्र व्याख्यान हवे, म्हणून पुढे जातो.

थायरॉइड गळ्याच्या पुढच्या बाजूस, फुलपाखराच्या आकाराची, वजनाने साधारण वीस ग्रॅम. आयोडीन वापरून ती टी-३ व टी-४ तयार करते आणि शरीराची भट्टी किती पेटायची ते त्यांवर ठरते. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिच्युटरी तिच्यावर देखरेख ठेवते. बँकेच्या भाषेत सांगतो: शाखेचे काम घटले की वरच्या कार्यालयाची पत्रे वाढतात. इथले पत्र म्हणजे टीएसएच. म्हणून थायरॉइड मंदावली की बहुधा रक्तातले टीएसएच वाढते. विद्यार्थ्यांना हे उलटे वाटते, पण रिपोर्ट वाचायचा तो असाच.

आयोडीनच मिळाले नाही, तर पत्रांच्या भडिमाराने ग्रंथी फुगते, तो गलगंड. आज हिमाचल प्रदेशात असलेल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दाखवून दिले. पुढे १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. प्रौढ माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. मी हिशेब केला (सवय जात नाही): सत्तर वर्षांची बेरीज चार ग्रॅमसुद्धा होत नाही! पण गरोदरपणी हेच कमी पडले, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. काही बाळांची थायरॉइड जन्मतःच काम करीत नाही. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन हे पहिल्या काही दिवसांतच ओळखता येते; लगेच औषध दिले तर मूल इतरांसारखे वाढते. प्रसूतीच्या वेळी ही तपासणी आवर्जून विचारा.

बहिणीचा आजार मात्र आयोडीनच्या अभावाचा नव्हता. शरीराची संरक्षक यंत्रणाच थायरॉइडवर उलटते, तो प्रकार. जपानचे डॉ. हाशिमोटो यांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले. यावर रोज सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर थायरॉक्सिनची गोळी. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांबरोबर ती घेऊ नये, आणि बरे वाटले म्हणून स्वतःच्या मनाने बंदही करू नये. बहिणीने एकदा तसे केले होते. काही आठवड्यांत ती पुन्हा पेंगू लागली. त्या वेळी मात्र तिला आळशी कोणी म्हटले नाही. आईनेच गोळी आणि पेलाभर पाणी तिच्या उशाशी नेऊन ठेवले.